उशिरा हाती आलेला बॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोरांना बास्केटबॉल शिकवतो. कोर्टवर, फोनवर, लग्नाच्या मांडवात, एसटीत, जिथं भेटतील तिथं पालक आणि पोरं तेच प्रश्न विचारतात, की एवढ्या उशिरा हा खेळ सुरू करून पोरगं पुढं जाईल का? दक्षिण सुदानचा संघ २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळला तेव्हापासून ते जास्तच वाढलेत, कारण त्या सामन्यांच्या क्लिप मीच पोरांना दाखवल्या होत्या. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

सर, तुम्ही सारखं ज्याचं नाव घेता तो खमान मलुआच कोण?

दक्षिण सुदानचा पोरगा. २००६ साली रुंबेक गावी जन्मला. लहान असतानाच घरच्यांनी देश सोडला आणि शेजारच्या युगांडात आसरा घेतला. वाढला कंपालाजवळ, फुटबॉल खेळत. तेरा वर्षांचा होईपर्यंत त्यानं बास्केटबॉल हातात धरला नव्हता. ताडमाड वाढलेला, म्हणून लोकच त्याला म्हणायला लागले, की अरे, तू हा खेळ का खेळत नाहीस? कोर्ट घरापासून तासभर पायी. पहिल्या दिवशी पायात क्रॉक्स, कारण त्याच्या मापाचे बूटच नव्हते.

तिथून पुढं सेनेगलमधली एनबीए अकादमी. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. २०२३ च्या विश्वचषकात, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो देशाच्या वरिष्ठ संघातून खेळला. सतराव्या वर्षी ऑलिंपिक, मग अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात एक वर्ष, आणि २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, दहावी निवड. आज तो फिनिक्स सन्सकडे आहे. उंची दोन मीटर अठरा सेंटिमीटर.

पहिला बॉल ते ड्राफ्ट, सहा वर्षं. आपल्याकडं पाचवीतलं लेकरू अकरावीला जाईपर्यंत जेवढा काळ जातो, तेवढा.

तेरावं वर्ष म्हणजे काही फार उशीर नाही. त्याहून उशिरा सुरू करून कोणी व्यावसायिक झालंय का?

झालंय. युरोपात पोरं सहा-सात वर्षांची असताना क्लबात जातात, त्या हिशेबानं तेरा हासुद्धा उशीरच. पण ड्युओप रीथचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण त्याची वाट सरळ नव्हती. दक्षिण सुदानच्या वाट गावी १९९६ साली जन्म. युद्धामुळं घर सुटलं, लहानपणीच कुटुंब ऑस्ट्रेलियात पोचलं. बास्केटबॉल गांभीर्यानं सुरू झाला तो हायस्कूलच्या वयात. नंतर अमेरिकेतलं टेक्सासमधलं एक छोटं कॉलेज, मग लुइझियाना स्टेट विद्यापीठ. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कोणी घेतलं नाही. सर्बिया, ऑस्ट्रेलिया, चीन असं मिळेल तिथं खेळत राहिला आणि २०२३ साली पोर्टलँडच्या संघातून एनबीएत उतरला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पॅरिसला तो ऑस्ट्रेलियाकडून खेळला.

निर्वासित नसलेले, पण उशिरा आलेले दोन मोठे खेळाडू आहेत. नायजेरियाचा हकीम ओलाजुवॉन पंधराव्या वर्षापर्यंत फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये त्याची पहिल्याच क्रमांकावर निवड झाली. त्या ड्राफ्टमध्ये मायकल जॉर्डन तिसरा होता. दुसरा कॅमेरूनचा जोएल एम्बीड. त्याला व्हॉलीबॉलमध्ये करिअर करायचं होतं, बास्केटबॉल पंधरा-सोळाव्या वर्षी हाती आला. शिकताना तो याच ओलाजुवॉनचे व्हिडिओ बघायचा. २०२३ साली एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

निर्वासित म्हणजे नेमकं कोण? आमचे ऊसतोडीला जाणारे लोकही निर्वासितच की.

हा प्रश्न एका आईनं विचारला होता, आणि तिच्यासमोर मला लगेच उत्तर देता आलं नाही.

कायद्यानं बघितलं तर नाही. १९५१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समूहाचा म्हणून छळ होईल या भीतीनं स्वतःचा देश सोडलेला माणूस. आफ्रिकी देशांनी १९६९ साली त्यात युद्धामुळं पळालेल्यांनाही धरलं. भारतानं १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. ऊसतोड मजूर आपल्याच देशात, पोटासाठी, मुकादमाची उचल घेऊन जातो आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतो. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ ला, ज्यांची गावं गेली ते विस्थापित. तिन्ही शब्द वेगळे आहेत आणि ते वेगळे ठेवलेलेच बरे. मागं परत जाण्यासारखं गावच राहिलं नाही, असं ज्याच्यावर येतं त्याचं दुःख आपण आपल्या तोंडी घेऊ नये.

तरी मराठवाड्याला हा अनुभव अगदीच परका नाही. रझाकारांच्या काळात इथली कितीतरी कुटुंबं रातोरात बैलगाड्या जुंपून निजामाची हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती परत आली. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना ‘पोलिस ॲक्शन’ म्हणून बघा, ते सांगतील.

मी त्या आईला शेवटी एवढंच म्हणालो, की ताई, तुमचं पोरगं निर्वासित नाही, पण त्याचं ग्राउंड दरवर्षी सहा महिने सुटतं, आणि तेवढ्यापुरती गोष्ट सारखी आहे.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. आता सुरू करून एनबीएत जाईल का? खरं सांगा.

नाही जाणार. असं कोणी सांगितलं तर मला वाईट वाटलं असतं, हे मान्य. पण पोराच्या बापाला मी खोटं सांगणार नाही.

उशिरा सुरू केलेल्या ज्यांची नावं वर घेतली ते सगळे दोन मीटरच्या वरचे आहेत. ही गोष्ट व्हिडिओत कोणी ठळक सांगत नाही. उंच पोरगा रिंगजवळ खेळतो. त्याला पाय, बॉल पकडणं, उडी मारण्याची वेळ साधणं आणि जवळचा शॉट एवढं आधी लागतं, ते चार-पाच वर्षांत बसू शकतं. बॉल घेऊन पूर्ण कोर्ट पार करणाऱ्या गार्डचं तसं नाही. त्याचे हात आणि डोळे लहानपणापासून घडलेले असतात. मगसी बोग्स एकशे साठ सेंटिमीटर उंचीवर एनबीएत चौदा हंगाम खेळला. पण तो बाल्टिमोरच्या गल्लीत लहानपणापासून खेळत आलेला होता.

सोळाव्या वर्षी सुरू करून एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग आणि नशिबानं साथ दिली तर राज्यापर्यंत जाता येतं. पुढं विद्यापीठाचा संघ आहे. आमच्या कोर्टवरून हे झालेलं मी बघितलंय.

पोरगं आधी खो-खो खेळायचं. ती वर्षं वाया गेली का?

उलट! माझ्याकडं निवड करायची वेळ आली तर मी खो-खोचं पोरगं आधी घेतो. खुंटाजवळ झटक्यात वळणं, बसल्या जागेवरून एका पावलात सुटणं, हुलकावणी, हे सगळं त्याच्या पायात तयार असतं. आट्यापाट्या अजून ज्या गावांत खेळतात तिथली पोरं तर बचावात थक्क करून टाकतात. पाटी धरणारा ज्या पद्धतीनं गुडघे वाकवून, तोंड समोर ठेवून आडवा सरकतो, तीच बास्केटबॉलमधली बचावाची चाल. नव्या पोरांना ती शिकवायला मला दोन महिने लागतात. ओलाजुवॉनच्या पायांचं जगभर कौतुक झालं, त्यातलं बरंचसं फुटबॉल आणि हँडबॉलमधून आलेलं होतं.

कबड्डीवाल्यांना धक्क्याची भीती नसते, पण हात आवरायला शिकवावं लागतं. पहिल्या महिन्यात फाउलच फाउल.

तुम्ही उशिरा आलेल्या पोराला आधी काय शिकवता?

थांबायला.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक पोरगा आला. पंधरा वर्षांचा, नुकताच आईबापाबरोबर कारखान्यावरून परतलेला. पायात स्लिपर. तळहातावर कोयत्याच्या मुठीचे घट्टे आणि बोटांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. बॉल दिला तर दोन्ही हातांनी छातीपासून रिंगकडं भिरकावून दिला. बोर्डच्याही वरून गेला. बाकीची पोरं हसली, त्यानं मान खाली घातली.

मी बॉल काढून घेतला आणि सांगितलं, पळत ये आणि दोन्ही पायांवर एकदम थांब. पुढं झुकायचं नाही, तिसरं पाऊल टाकायचं नाही. नवं पोरगं इथं हमखास पुढं घसरतं. हा थांबला. खिळा ठोकल्यासारखा. मग एक पाय जागेवर ठेवून दुसऱ्यानं वळायला लावलं, तेही जमलं. मी विचारलं, कुठं शिकलास? तर म्हणाला, ‘सर, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं असतं. पाय हलला की खाली.’

तीन आठवडे मी त्याला रिंगकडं बघू दिलं नाही. थांबणं, वळणं, पास पकडणं, भिंतीवर पास मारणं. त्यानंतर रिंगच्या अगदी खाली उभं करून एकदा उजव्या बाजूनं, एकदा डाव्या बाजूनं, बोर्डवरच्या चौकोनात बॉल ठेवायला लावला. दोन पावलांचा लेअप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून टाकायचा शॉट, त्यानंतर, आणि डावा हात उजव्याबरोबरच, पहिल्या दिवसापासून. मोठ्या वयात आलेलं पोरगं उजव्या हातानं लवकर बास्केट करायला लागतं आणि मग डाव्याकडं वळतच नाही, ही सगळ्यात मोठी चूक. लांबचा शॉट सहा महिने नाही. पावणेसात मीटरवरून तीन गुणांचा शॉट मारायची सगळ्यांनाच हौस असते, पण खांद्यातून जोर लावायची सवय एकदा लागली की ती मोडता मोडत नाही.

हा पोरगा जिल्ह्याला खेळला.

ऊसतोडीच्या सहा महिन्यांत प्रॅक्टिसचं काय करायचं?

शक्य असेल तर त्याला आजीआजोबांकडं गावातच ठेवा किंवा हंगामी वसतिगृहात घाला. शाळाही वाचते, खेळही वाचतो. दिवाळीच्या आधीच हे ठरवा, टोळी निघायच्या दिवशी नाही.

जावंच लागलं, तर बॉल बरोबर द्या. कोपीच्या, म्हणजे तोडीवरच्या झोपडीच्या, पुढं चोपलेली जमीन असते, तेवढ्यावर दोन्ही हातांनी ड्रिबल होतो. अंधारात उलट चांगला, कारण बॉलकडं बघायची सोय नसते. मी पोरांना अंक देत नाही, एवढंच सांगतो की रोज बॉलला हात लागला पाहिजे. दिवसभर ऊस तोडून आलेल्या पोराला मी शंभर उठाबशा काढ म्हणणार नाही. ज्यांना हे आळस वाटतं त्यांनी एकदा फडात जाऊन यावं.

दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. अडचण येईल का?

येऊ शकते. आपल्या भागात निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं ती तारीख टाकलेली असते. निर्वासित छावण्यांतून आलेल्या कितीतरी खेळाडूंची तारीख अशीच १ जानेवारी असते. कागद नव्हते, अधिकाऱ्यानं वर्ष अंदाजानं धरलं. पुढं त्यांच्या वयावर जगभर संशय घेतला गेला, आणि पोरांचा त्यात काही दोष नव्हता. एकेकाळी एनबीएत गाजलेला मनूट बोल, उंची दोन मीटर एकतीस, त्याची खरी जन्मतारीख तर कायम चर्चेतच राहिली.

म्हणून ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला आत्ताच काढून ठेवा. तो, शाळेचा दाखला आणि आधार, तिन्हीवर एकच तारीख पाहिजे. वयोगटाच्या मोठ्या स्पर्धांत संशय आला तर मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढून वय तपासतात. एक वर्ष कमी लावून चौदा वर्षांखालच्या संघात घुसवण्याचा सल्ला देणारे लोक भेटतील. मला ते मान्य नाही. त्या पोराच्या जागी बाहेर बसलेलं पोरगंही कुणाचं तरी असतं.

खर्च किती येतो?

कबड्डीपेक्षा जास्त, क्रिकेटपेक्षा बराच कमी. रबराचा बॉल घ्या, सिमेंटच्या कोर्टवर चामड्याचा टिकत नाही. मुलांना सात नंबर, मुलींना सहा नंबर, बारीक लेकरांना पाच नंबर. बूट पहिल्या वर्षी घोट्याला आधार देणारे कुठलेही चालतात, फक्त मोठ्या भावाचे सैल बूट घालून पाठवू नका. घोटा मुरगळतो तो त्यामुळंच.

आमच्या शाळेला कोर्ट करायचंय. काही सांगाल?

जमिनीकडं आधी बघा, रिंगकडं नंतर. आमच्या पहिल्या कोर्टचं हेच झालं. काळ्या मातीवर थेट काँक्रीट ओतलं. पावसाळ्यात माती फुगली, उन्हाळ्यात भेगाळली, आणि दोन वर्षांत मधोमध असा तडा गेला की बॉल तिथं पडला की कुठं उसळेल सांगता यायचं नाही. पोरं त्या तड्याला मांजरा नदीवरून ‘मांजरा’ म्हणायची. काळी माती खोलवर काढून मुरूम भरायचा, थरावर थर पाणी मारून रोलर फिरवायचा, आणि मग काँक्रीट, तेही सांधे सोडून. पूर्ण कोर्ट अठ्ठावीस मीटर बाय पंधरा. तेवढे पैसे नसतील तर अर्धंच करा, पण पक्कं करा. तीन-तीनचा खेळ अर्ध्या कोर्टवर होतो आणि २०२० च्या ऑलिंपिकपासून तोही अधिकृत आहे. रिंग तीन मीटर पाच सेंटिमीटरवर. लहान पोरांसाठी ती खाली घेता येईल अशी सोय ठेवा.

दक्षिण सुदानसारखा गरीब देश ऑलिंपिकपर्यंत पोचलाच कसा?

हा देश ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिथं परत यादवी पेटली. तेव्हा देशात धड एक बंदिस्त कोर्ट नव्हतं. खेळाडू अमेरिका, ऑस्ट्रेलिया, युगांडा, केनिया असे पांगलेले. त्यांना गोळा केलं लुओल डेंगनं.

डेंग स्वतः निर्वासित. वाऊ गावचा, १९८५ चा जन्म. कुटुंब इजिप्तला पळालं. तिथं मनूट बोलनं या भावंडांना बास्केटबॉल दाखवला. मग लंडन, चौदाव्या वर्षी अमेरिकेतली शाळा, ड्यूक विद्यापीठ, २००४ च्या ड्राफ्टमध्ये सातवा क्रमांक, शिकागो बुल्स, दोनदा ऑल-स्टार. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ब्रिटनकडून खेळला होता, त्यामुळं दक्षिण सुदानकडून खेळायची वाट बंद. तरी २०१९ मध्ये तो त्यांच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला आणि सुरुवातीचा पुष्कळ खर्च त्यानं स्वतःच्या खिशातून केला.

२०२३ च्या विश्वचषकात त्यांनी चीन, फिलिपिन्स आणि अंगोलाला हरवलं आणि आफ्रिकेतून पॅरिसचं तिकीट मिळवलं. ऑलिंपिकच्या आधी लंडनमधल्या सराव सामन्यात अमेरिकेशी १०१-१०० असे फक्त एका गुणानं हरले. लेब्रॉन जेम्सनं शेवटच्या काही सेकंदांत लेअप टाकला म्हणून अमेरिका वाचली. पॅरिसला पहिल्या सामन्याआधी त्यांचं राष्ट्रगीत म्हणून चुकून सुदानचं वाजलं, म्हणजे ज्या देशापासून लढून वेगळे झाले त्याचंच! खेळाडू छातीवर हात ठेवून शांत उभे राहिले, खरं गीत लागलं आणि मग पोर्तो रिकोला ९०-७९ नं हरवलं. पुढं अमेरिका आणि सर्बियाकडून हरले, बाद झाले.

राष्ट्रगीताची ती मिनिटं मी पोरांना दोनदा दाखवली. काही बोललो नाही.

परदेशातल्या अकादमीत पाठवतो म्हणून एक जण पैसे मागतोय. द्यावेत का?

देऊ नका. आफ्रिकेतल्या कितीतरी पोरांना अशाच लोकांनी परदेशात नेऊन वाऱ्यावर सोडलंय. आमच्याकडच्या एका उंच पोराच्या बापानं अशा माणसाला बैलजोडी विकून पैसे दिले. पोरगं पुण्यातल्या एका लॉजवर चार दिवस बसून परत आलं, आणि त्या वर्षी खेळायला कोर्टवर आलंच नाही. मी त्याच्या घरी तीनदा गेलो. चांगल्या अकादम्या निवड चाचणी घेतात आणि त्यानंतर पैसे मागत नाहीत, उलट राहणं, जेवण, शाळा देतात. कागद हातात द्यायला जो टाळतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

भारतातून कोणी गेलंय का? आणि इथं राहून ‘व्यावसायिक’ म्हणजे काय?

पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ साली ड्राफ्टमध्ये बावन्नाव्या क्रमांकावर डॅलसनं घेतला. ड्राफ्टमध्ये निवड झालेला पहिला भारतीय, पण एनबीएचा सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्यानंतर प्रिन्सपाल सिंग ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकादमीतून जी लीगपर्यंत, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगपर्यंत, गेला.

इथलं वास्तव वेगळं आहे. आपल्याकडच्या लीग येतात, बंद पडतात, नव्या नावानं येतात. बास्केटबॉलवर पोट भरणारे बहुतेक जण रेल्वे, पोलिस, सैन्यदल किंवा सरकारी कंपन्यांच्या संघात नोकरीवर आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कुठल्या स्पर्धेचं कुठलं प्रमाणपत्र चालतं हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारा, खेळून झाल्यावर नाही.

मग शाळा सोडून पूर्णवेळ खेळावं का?

अजिबात नाही. वरच्या नावांपैकी मलुआच, डेंग, रीथ, एम्बीड, ओलाजुवॉन, सगळे शाळा-कॉलेजच्या दारातूनच पुढं गेले.

मुलगी आहे, सोळाची. पाठवली तर लोक काय म्हणतील?

म्हणतील. आमच्याकडं सहा वाजता मुलींची प्रॅक्टिस असते, पहिले पंधरा दिवस आई नाहीतर भाऊ बाहेर कट्ट्यावर येऊन बसतो, मग हळूहळू येणं बंद होतं. ट्रॅक पँट घालून खेळली तरी चालतं, केस घट्ट बांधा, बांगड्या काढून ठेवा. मुलींत उशिरा सुरू करणाऱ्यांना जागा जास्त आहे. तालुक्याला मुलींचे संघच कमी असतात, त्यामुळं सोळाव्या वर्षी आलेली मुलगी दोन वर्षांत विभागाला पोचलेली मी बघितलीय.

कधी पाठवू?

उद्या. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला, आठनंतर सिमेंट तापतं आणि पाय भाजतात. पाण्याची बाटली घरून भरून द्या, कोर्टवरचा नळ एप्रिलनंतर कोरडा असतो. बूट नसतील तर तसंच येऊ द्या, पेटीत मोठ्या पोरांचे जुने जोड ठेवलेत, मापाचा सापडला तर बघू.